राज्यमंत्र्यांचं 'हं'

१४ जून

फोन आला! मी म्हशीखाली बसले होते, हात दुधाचे. हे ओट्यावरून ओरडले — "सत्यशीला, मुंबईला निघायचंय!" तोंड असं झालेलं की मला वाटलं कुणीतरी गेलं. गेलं नाही कुणी. हे मंत्री झाले! राज्यमंत्री. तीनदा निवडून आले, दोनदा नाव निघून मागं पडलं, आणि आता एकदाचं लागलं.

दुपारी गोठ्यात कुणी बोलतंय म्हणून बघायला गेले. हे म्हशीपुढं ताठ उभे — "मी, रामहरी, ईश्वरसाक्ष शपथ घेतो की..." म्हैस रवंथ करतीय. मला बघून गप्प झाले. म्हटलं चालू द्या, तिची काही हरकत दिसत नाही!

१६ जून

मुंबई. शपथा दोन असतात हे मला आज कळलं. पहिली पदाची — काम नीट करीन, कुणाला भिणार नाही, कुणावर मेहेरबानी करणार नाही. दुसरी गोपनीयतेची — मंत्री म्हणून जे कळेल ते बाहेर फोडणार नाही. हे कुठं अडखळले नाहीत. म्हशीचे उपकार.

पंकजा शेजारी बसली होती. एकुलती एक लेक आमची, केडगावला दिलीय. हळूच कानात म्हणाली, "आई, बाबा आता तुला काहीच सांगणार नाहीत. तुझं कसं व्हायचं गं?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! पस्तीस वर्षांत या माणसाच्या पोटात काही राहिलेलं नाही. पंचायत समितीत कोण कुणावर रुसलं, कुणाचं तिकीट कुणी कापलं, सगळं आधी माझ्यापाशी. मी भाकरी थापायची आणि यांनी पाटावर बसून बोलायचं. आज गाडीत सहज विचारलं, "काय होतं हो तिथं?" तर म्हणे, "शपथ आहे." अहो, मी जेवायला काय होतं ते विचारत होते!

२ जुलै

गावी आले परत. हे तिकडं, मी इकडं. म्हशी कोण बघणार? शिवाय त्या बंगल्यात आपल्याच घरात आपल्याला कुणीतरी येऊन विचारतं, "मॅडम, चहा आणू का?" नको बाई. इथं माझा मी करते.

ओट्यावर माणूस मावत नाही. सगळ्यांना वाटतं मंत्री झाला म्हणजे देव झाला. एक आला, पोराला नागापूरच्या एमआयडीसीत चिकटवा. एक आला, बायको नांदायला येत नाही! मी जन्मभर शाळेत शिकवलं, रिटायर झाले, आता पुन्हा ओट्यावर वर्ग भरलाय. सांगते बापड्यांना — खात्याचा धनी कॅबिनेट मंत्री. राज्यमंत्री त्याच्या हाताखाली. मंत्रिमंडळाची बैठक बसते तिथं राज्यमंत्र्याला बोलावलं तरच जायचं. आणि खात्यात थोरल्यानं वाटून दिले तेवढेच अधिकार धाकट्याला. आमच्या थोरल्या साहेबांनी अजून काहीच वाटून दिलेलं नाही.

पुंजारामनाना, आमचे जुने सरपंच, सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी धाकली जाऊच की! घरात हाय, पन चाव्या थोरलीच्या कमरंला."

इतकं हसले मी. यांना फोनवर सांगितलं तर हसले नाहीत. बरोबर बसलं असणार.

२१ जुलै

मी — कालवड व्याली, पाडी झाली. हे — हं.
मी — पंकजाच्या सासऱ्यांची शुगर वाढलीय. हे — हं.
मी — घराला आग लागलीय. हे — हं.
ठेवला फोन!

९ ऑगस्ट

मुंबईला जाऊन आले. यांचं ऑफिस बघितलं. काय ती खुर्ची, काय तो गालिचा! टेबलाच्या या टोकाला बसलेल्या माणसाला त्या टोकाचा माणूस लहान दिसतो. आणि त्या एवढ्या टेबलावर एकही फाईल नाही. एक पाण्याचा ग्लास आणि एक पेनस्टँड. हे खिडकीत उभे राहून कबुतरं बघत होते.

बजरंग, यांचा पीए, गावचाच आहे आमच्या. तो म्हणाला, "काकू, साहेबांनी तीन विषय लिहून वर पाठवले. तिन्हीवर 'पाहिले' असा शेरा येऊन परत आले." 'पाहिले' म्हणजे काय रे? "म्हणजे पाहिले. पुढं काही नाही."

मग यांनीच हसत हसत सांगितलं. "मला एक काम आहे बरं का. अधिवेशनात थोरल्या साहेबांना विरोधकांपुढं उभं राहायचा कंटाळा येतो, म्हणून प्रश्नांची उत्तरं द्यायचं माझ्याकडं दिलंय. उत्तर खातं लिहितं. मी वाचायचं." प्रश्न कसा असतो तेही सांगितलं — अमुक गावी अमुक झाले नाही, हे खरे आहे काय? आणि उत्तरं ठरलेली. 'हे खरे नाही.' फार अंगाशी आलं तर 'अंशतः खरे आहे.' आणि पहिलंच खरं नाही म्हटलं की पुढच्या सगळ्याला 'प्रश्न उद्भवत नाही.'

बंगल्यावर आल्यावर मी विचारलं, "साखर घातलेला चहा चोरून पिता, हे खरे आहे काय?"

"हे खरे नाही."

"मिशीला लागलाय."

"अंशतः खरे आहे."

असा आहे माझा माणूस. त्या कबुतरांचं मात्र डोक्यातून जात नाही.

२३ ऑक्टोबर

पाडवा. शलमोन भाऊजी आणि त्यांची बायको लिडिया येऊन गेले. दर दिवाळीला ते आमच्याकडं आणि दर नाताळाला आम्ही नगरला त्यांच्याकडं, हा पायंडा आमच्या लग्नाच्याही आधीचा. हे आणि शलमोन भाऊजी नगरच्या कॉलेजात एका खोलीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. आता ते शेजारच्या मतदारसंघाचे आमदार, पक्ष विरोधी! सभागृहात एकमेकांचे वाभाडे काढतात. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटावं आता बाह्या सरसावतात की काय. आणि इथं येऊन माझी शेव खातात, डबा पुढ्यात ओढून.

"वहिनी, हिवाळी अधिवेशनात तुमच्या मंत्र्याला लोळवतो की नाही बघा."

म्हटलं लोळवा, पण कपडे तुम्हीच धुवा.

हे आपले हं, हं. पाडव्याला तरी माणसानं बायकोकडं बघून बोलावं! ओवाळलं तेव्हासुद्धा लक्ष मोबाईलमध्ये.

३० ऑक्टोबर

आज खडकटाकळीच्या टोळ्या निघाल्या. तो पाडा इथनं हाकेवर, सगळी घरं ऊसतोडीला जाणारी. वैजनाथ आणि त्याची बायकोही गेली. वैजनाथ म्हणजे रंगुबाईचा मुलगा. आणि रंगुबाई म्हणजे माझा उजवा हात, वीस वर्षं गोठा तीच सांभाळते. आता दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं तिला, शेणाचा पो आणि बादली यातला फरक हातानं बघते, पण यायचं सोडत नाही.

नात निकिता मागं राहिलीय, आठवीत आहे. पहिली-दुसरीला माझ्याच हाताखाली होती. तेव्हापासून मान वर करून बोलणारी पोर, पाढा चुकला तरी ठासून म्हणायची. टोळीबरोबर न जाता राहणाऱ्या पोरांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृह निघायचंय — दोन वेळचं जेवण, झोपायला खोली, रात्री एक बाई सोबतीला. उद्या-परवा उघडेल म्हणतात. वैजनाथ मला सांगून गेला, "बाई, तुमच्या भरवशावर ठिवून चाललोय." ट्रकमधून हात हलवला. निकिता रडली नाही, हातातल्या बॅगेची चेन उघडबंद करत राहिली.

८ नोव्हेंबर

उघडलं नाही! रंगुबाईला घेऊन खडकटाकळीच्या शाळेत गेले. वसतिगृहाच्या खोलीला कुलूप. आणि कुलूप तरी कसं — चावीच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर करून ठेवलंय! म्हणजे किती दिवस चावी लागली नसेल बघा. दारात बोरीचं झुडूप उगवलंय. हेडमास्तर म्हणाले, "मंजुरी वरून यायचीय, बाई. कागदोपत्री चालू हाय, पन आमाला काय आलं न्हाई."

रंगुबाई भिंतीला हात लावून उभी. "बाई, आतून भाकरीचा वास येतोय का वो?" तिला दिसत नाही ना, म्हणून विचारलं.

मग पोर कशी राहते ते कळलं. म्हातारीला चूल दिसत नाही, म्हणून निकिता सकाळी स्वयंपाक करते, पाणी आणते आणि धावत शाळेत जाते. कधी पहिला तास बुडतो, कधी अख्खा दिवस.

तिथूनच यांना फोन लावला. सगळं सांगितलं. कुलूप, कुंभारीण माशी, बोरीचं झुडूप, रंगुबाई भाकरीच्या वासाचं काय म्हणाली ते. म्हटलं तुमचंच खातं आहे ना हो हे?

"हं."

एवढंच! पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी यांच्यावर ओरडले. रंगुबाईसमोर.

१५ नोव्हेंबर

हे आलेत, एका शाळेच्या गॅदरिंगला. मी मुद्दाम गाडी खडकटाकळीवरून न्यायला लावली. शाळेपाशी म्हटलं, उतरा, बघा. उतरले नाहीत. काच खाली केली, कुलपाकडं बघितलं, झुडपाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. "हं." आणि काच वर!

परतताना मी तोंड खिडकीकडं फिरवून बसले. जेवताना त्यांना आवडते म्हणून झणझणीत शिपी आमटी केली होती, ती वाढली, पण दुसऱ्यांदा वाढली नाही. त्यांनी मागितली पण नाही. उठताना म्हणाले, "सत्यशीला, मला सगळं सांगत जा. मी नाही सांगू शकत, पण तू सांगत जा."

सांगून काय उपयोग? भिंतीला सांगितलं तर भिंत निदान दुसरीकडं बघत नाही.

२८ नोव्हेंबर

वैजनाथचा फोन आला रंगुबाईला, माझ्याच मोबाईलवर. स्पीकरवर लावला. मागं ऊस कापल्याचा सपसप आवाज. "आये, वसतिगृह न्हाई ना उघडलं? मग मी पुढच्या आमुशाला येतो निकिताला न्यायला. पोरगी वाढती. तुला दिसत न्हाई. एकलीला ठिवायची कशी? हितं पाचटाच्या कोपीत आमच्या नदरंसमोर तरी राहील."

निकिता गोठ्याच्या दारात उभी होती. ऐकलं तिनं. तिची चुलत बहीण दोन वर्षांमागं अशीच सातवीतून उसाच्या फडावर गेली, ती शाळेत परत आलीच नाही. लग्न होऊन गेली.

निकिता मला एवढंच म्हणाली, "बाई, काकांना सांगा ना. काका मंत्री हायेत ना?"

३ डिसेंबर

बजरंगचा नागपूरहून फोन. अधिवेशनासाठी ते सगळे तिकडं गेलेत. त्याच्या पोटात कुठली शपथ नाही, म्हणून सगळं कळतं मला. म्हणाला, "काकू, खडकटाकळीच्या वसतिगृहावर तारांकित प्रश्न लागलाय. म्हणजे साहेबांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागणार. विचारणारे शलमोन साहेब!"

मला आनंदच झाला. म्हटलं चला, निदान विरोधकांना तरी दिसलं! उत्तर काय लिहिलंय रे?

"हे खरे नाही."

असं लिहिलंय खात्यानं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. लगेच यांना लावला. तुम्ही कुलूप डोळ्यांनी बघितलंय आणि हे वाचणार?

यांचा आवाज थकलेला होता. पण नीट बोलले, बऱ्याच दिवसांनी. "ते माझं उत्तर नाही, सत्यशीला. सरकारचं आहे. मंत्री कधी एकटा बोलत नाही. एकानं सभागृहात सांगितलं की सगळ्यांनी सांगितलं असं धरतात. आत काय भांडायचं ते भांडावं, बाहेर एक तोंड. पटत नसेल तर आधी राजीनामा द्यायचा, मग बोलायचं. अशी रीत आहे, आणि ती वाईट नाही. उद्या प्रत्येक मंत्री वेगळं बोलायला लागला तर लोकांनी कुणाला धरायचं?"

ऐकायला बरोबर वाटतं. पण मला निकिताचं तोंड दिसतं त्याला काय करू?

"म्हणजे वाचणार?"

"हं."

१० डिसेंबर

जसं झालं तसं लिहिते.

मी, रंगुबाई, निकिता, पुंजारामनाना, चौघं ओट्यावर, मोबाईलवर अधिवेशन लावून तो पाटाला टेकवून ठेवलेला. आमचा प्रश्न आला. छापील उत्तर सगळ्या आमदारांच्या हातात होतंच. शलमोन भाऊजी उठले. इतका चढा आवाज! "अध्यक्ष महोदय, या वसतिगृहाच्या दाराला कुलूप आहे. त्या कुलपाच्या भोकात कुंभारीण माशीने घर केले आहे, दारात बोरीचे झुडूप उगवले आहे! एक आंधळी आजी त्या भिंतीला हात लावून विचारते, आतून भाकरीचा वास येतोय का? आणि सरकार म्हणते हे खरे नाही! मंत्री महोदयांनी ते कुलूप स्वतः पाहिले आहे काय?"

रंगुबाई दचकलीच. "आवं बाई, ही तर मीच!"

हे उठले. चष्मा पुसला. मी हात जोडले. म्हटलं पांडुरंगा, आता हे वाचणार आणि ही पोर ऐकणार.

"होय, अध्यक्ष महोदय. मी पाहिलं आहे. कुलूप आहे." पुढच्या बाकावर थोरले साहेब होते, त्यांनी मान गर्रकन मागं वळवली. "सन्माननीय सदस्य म्हणतात ते खरं आहे. अंशतः नाही, पूर्ण खरं आहे. हे वसतिगृह आठ दिवसांत सुरू करू, असं आश्वासन मी शासनाच्या वतीनं सभागृहाला देतो."

मग जो गोंधळ! बाकं काय बडवली, ओरडले काय. निकितानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

१२ डिसेंबर

पेपरात छापून आलंय — 'राज्यमंत्र्यांची जीभ घसरली'. मला बाई तसंच वाटतं. भोळा माणूस! डोळ्यांपुढं कुलूप आलं असणार आणि तोंडातून निघून गेलं. फोनवर म्हटलं, "अहो, खरं बोललात, मला भरून आलं. पण आता हो काय?" म्हणाले, "बघू."

बजरंगनं समजावून दिलं. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द त्याचा राहत नाही, सरकारचा होतो. पाळला नाही तर आमदारांची आश्वासन समिती खात्याच्या मागं हात धुऊन लागते. म्हणजे वसतिगृह आता उघडावंच लागणार! जो माणूस फाईल हलवू शकत नव्हता त्याच्या एका वाक्यानं सगळं खातं बांधलं गेलं. चुकून का होईना.

पण थोरले साहेब भडकलेत. "उत्तर वाचायला दिलं होतं, द्यायला नाही," असं सगळ्यांसमोर बोलले म्हणे.

राग येतो तो शलमोन भाऊजींचा. वसतिगृहाचा प्रश्न विचारलात, चांगलं केलं. पण मित्राला असं कोंडीत धरायचं? 'स्वतः पाहिले आहे काय' — काय गरज होती? आणि माशीचं, भाकरीचं यांना कुणी सांगितलं? रंगुबाईला विचारलं, तुझ्या भाच्याला बोललीस का, तो त्यांच्या पक्षात आहे? तिनं गळ्याला हात लावला. "बाई, तुमची शप्पत. मास्तर माघारी गेलं हुतं, तुमी आन् मी, दोगीच हुतो." मी जरा जास्तच विचारलं वाटतं. चहा न पिता गेली.

१६ डिसेंबर

राजीनामा.

मुख्यमंत्र्यांनी बोलावून घेतलं. फार चांगले बोलले म्हणे. दिलेला शब्द सरकार पाळेल. पण सरकारच्या छापील उत्तराविरुद्ध सरकारचाच मंत्री बोलला, त्याला ठेवलं तर उद्या कुणालाच आवरता येणार नाही. यांनी तिथंच कागद काढून दिला.

पुंजारामनाना म्हणाले, "शब्द ऱ्हायला, मंत्री गेला." बोलून झाल्यावर उपरण्यानं डोळे पुसले.

सहा महिने. म्हशीपुढं केलेली ती प्रॅक्टिस आठवली आणि मला रडू आलं. किती हौस होती त्यांना!

१७ डिसेंबर

आले घरी. जावईबापूंनी केडगावहून गाडीनं सोडलं. पुढं पोलीस नाही, मागं गाडी नाही. ओट्यावर चिटपाखरू नाही! ज्याची बायको नांदत नव्हती तोसुद्धा नाही.

मी शिपी आमटी केली. तीनदा वाढली. तीनदा खाल्ली.

१८ डिसेंबर

उघडलं!

कुलूप फोडावं लागलं, माशीच्या मातीनं चावीच जाईना. आम्ही दोघं गेलो होतो, मागं उभे राहिलो. आता हे काही पाहुणे नाहीत, फीत दुसऱ्याच कुणी कापली. हेडमास्तरांनी पहिली भाकरी रंगुबाईच्या हातात दिली. तिनं हुंगली, कपाळाला लावली आणि पदरात बांधली. खाल्ली नाही. माझ्यावरचा रागही तिथंच सोडला तिनं, म्हणाली, "बाई, उंद्या येते गोठ्यावर."

वैजनाथला फोन लावून दिला. "ऱ्हाऊ द्या मग तिला तितंच," म्हणाला. निकितानं खिडकीजवळची गादी पकडली. यांना म्हणाली, "काका, तुमी परत मंत्री कधी व्हनार?"

"प्रश्न उद्भवत नाही," हे म्हणाले. पोर खुदकन हसली.

२४ डिसेंबर

उद्या नाताळ. लिडियाचं बोलावणं आलंय. मी स्पष्ट सांगितलं, मी येणार नाही. ज्या माणसानं तुमचं पद खाल्लं त्याच्या घरची करंजी माझ्या घशाखाली उतरायची नाही. तुम्हाला जायचं तर जा. इतकी वर्षं जेवलात एका ताटात, काय उपयोग झाला? तुमच्या जागी दुसरा असता तर तोंड बघितलं नसतं! खूप बोलले. यांनी पेपर खाली घेतला नाही.

"हं."

२५ डिसेंबर

आम्ही गेलो नाही म्हणून तेच दोघं आले, करंज्यांचा डबा घेऊन. हे मागं गोठ्यात होते. मी पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. शलमोन भाऊजी उभ्यानंच बोलले. "वहिनी, यानं मला कुणाला सांगू नको म्हटलंय. पण नाताळाला तुम्ही आमच्या ताटावर नाही, हे मला सोसत नाही. कुंभारीण माशी मला कुठनं ठाऊक? नोव्हेंबरात यानंच फोन केला. तुम्ही शाळेतून फोनवर जे सांगितलं ते सगळं, तुमच्याच शब्दांत, रंगुबाईच्या भाकरीसकट. म्हणाला, फाईल माझ्याकडं येत नाही, प्रश्न येतो. तू प्रश्न लाव. आणि शेवटी मी कुलूप पाहिलंय का तेवढं मोठ्यानं विचार. मी म्हटलं, रामहरी, येड्या, पद जाईल. तर म्हणाला, 'हं.'"

मी करंजी घेतली आणि गोठ्यात गेले. हे पाडीला पाजत होते. म्हटलं, थोरली म्हैस आटत चाललीय.

"हं," म्हणाले.

मी तिथंच पेंढ्यावर बसले आणि त्यांना सगळं सांगत राहिले.